खोबरेलातलं स्पॅनिश पिस्तूल

अख्ख्या नॉर्थ कॅरोलायना राज्यात घरी पिस्तुलं बाळगणारा आणि फुलबाजीला घाबरणारा माणूस एकच होता, आणि तो नेमका मामेसासरा म्हणून माझ्या वाट्याला आला. हिच्या आईचे हे चुलतभाऊ. आम्ही दोघं दोन हजार चार साली मॉरिसव्हिलला आलो तेव्हा मामा आम्हाला घ्यायला विमानतळावर आले ते कानात कापसाचे बोळे घालून, कारण विमानांचा आवाज होतो. मिक्सर लावायचा असला की मामी आधी हाक मारून सांगायच्या, मग मामा बॅकयार्डात जाऊन उभे राहायचे आणि चटणी झाली की आत यायचे. मंडळाच्या दिवाळीत पोरं पार्किंग लॉटमध्ये फुलबाज्या लावत असताना हे गाडीच्या काचा वर करून आत चकल्या खात बसलेले असत. घरात कोळी निघाला तर त्याच्यावर पेला झाकायचे, खालून कागद सरकवायचे आणि कुंपणापर्यंत नेऊन सोडताना त्याला "सांभाळून जा रे" म्हणायचे. अशा माणसाने पहिल्याच रविवारी जेवणानंतर मला गराजमध्ये नेलं, एक लोखंडी पेटी दाखवली आणि हळूच विचारलं, "स्पॅनिश बघायचंय?" मला वाटलं, ऑलिव्ह असतील.

पेटीला दोन कुलपं होती. आत जुन्या फ्लॅनेलच्या तुकड्यांत गुंडाळलेली दोन पिस्तुलं निघाली. मी हात पुढे केला, तर मामांनी पेटीचं झाकण माझ्या बोटांवरच टेकवलं. "तू वर्क व्हिसावर आहेस. कायद्याने तुला हात लावता येत नाही. मी नागरिक झालोय. तू फक्त बघ." मामांना कायदे तोंडपाठ होते. ते औषधाच्या बाटलीवरचं बारीक अक्षरही शेवटपर्यंत वाचत आणि पार्किंगच्या पाटीखाली उभे राहून तिचा अर्थ लावत. पुढची चार वर्षं मी त्यांच्याबरोबर रेंजवर गेलो, टार्गेटं चिकटवली, रिकाम्या पुंगळ्या वेचल्या, पण पिस्तुलाला माझं बोट मामांनी कधी लागू दिलं नाही.

खरं तर मामांचा जीव पिस्तुलांवर नव्हताच. तो होता जुन्या, स्वस्त, लोकांनी टाकून दिलेल्या यंत्रांवर. त्यांच्या गराजमध्ये पायडल नसलेलं शिवणयंत्र होतं, एकच स्टेशन लागणारे तीन रेडिओ होते आणि सगळं चालू होतं. स्पेनच्या पोलिसांनी नवी हत्यारं घेतली, जुनी मोडीत काढली, ती इथल्या व्यापाऱ्यांनी खोक्यांनी आणली आणि कवडीमोलाने विकायला काढली, ही बातमी मामांना कुठल्याशा कॅटलॉगमध्ये लागली आणि ते पेटले. "जर्मन पिस्तूल काय, पैसे टाकले की कोणीही घेतं," ते मला सांगत. "स्पॅनिशला जीव लावावा लागतो. तिचा कारखाना बंद झालाय, स्पेअर पार्ट मिळत नाहीत. तिला आपल्याशिवाय आहे कोण?" पिस्तुलाला ते 'ती' म्हणत. ऑफिसात दिवसभर नळाच्या पाण्याचे नमुने तपासणारा हा माणूस 'ती'च्याबद्दल बोलू लागला की त्याच्या कपाळावर घाम यायचा.

मामांकडे जुनी शस्त्रं जमवणाऱ्यांचा परवाना होता, त्यामुळे पिस्तूल घरपोच यायचं. कुरियरवाला यायच्या दिवशी ते रजा टाकत. सकाळी आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून दारात खुर्ची टाकून बसत. मला ऑफिसात दर अर्ध्या तासाने फोन. "ट्रक रालीहून निघालाय." मग, "ट्रक आपल्या कोपऱ्यावर आहे, पण समोरच्याकडे थांबलाय, काय करतोय कळत नाही." मी 'मीटिंगमध्ये आहे' म्हटलं तर म्हणायचे, "मग हळू बोलतो." खोकं आलं की आत तेलकट कागद आणि त्याच्या आत मधासारख्या घट्ट ग्रीसमध्ये बुडालेलं पिस्तूल. ते सुटं करून त्याचे भाग मामा पातेल्यात उकळायला ठेवत. हे पातेलं मामींनी लाल रंगाचा पट्टा मारून वेगळं काढलं होतं. एकदा एक पाहुणी त्यात साबुदाणा भिजवायला निघाली तेव्हा घरातली दोन्ही माणसं एकदम ओरडली होती.

उकळून झालं की टूथब्रशने घासायचं, मामींच्या हेअर ड्रायरने वाळवायचं आणि मग शेवटचा संस्कार, खोबरेल तेल. मामांचा खोबरेलावर जेवढा विश्वास होता तेवढा कुठल्या डॉक्टरवर नव्हता. केसांना, टाचांना, दाराच्या बिजागरीला, शिवणयंत्राला, गाडीच्या एरियलला, सगळ्याला तेच. रेंजवरच्या म्हाताऱ्या गोऱ्या सुपरवायझरने त्यांना बंदुकीच्या तेलाची बाटली घ्यायला सुचवलं होतं. मामांनी बाटली हातात घेतली, मागचं सगळं वाचलं आणि परत दिली. "यात काय आहे ते त्यांनी लिहिलेलंच नाही," ते मला म्हणाले. "खोबरेलात काय आहे ते मला माहितीय. खोबरं."

रेंज म्हणजे पाइनच्या रानात लाल मातीचा एक उंच बांध, त्याच्यासमोर पत्र्याची शेड. आम्ही एप्रिल ते ऑक्टोबर जायचो, कारण थंडी मामांना सोसत नसे. तिथला त्यांचा थाट बघण्यासारखा. कानात आधी कापूस, मग फोमचे बोळे, त्यावर मोठे कानबंद आणि सगळ्यावरून माकडटोपी. प्रत्येक बाराआधी ते मोठ्याने जाहीर करत, "मी आता मारतोय हं." मराठीतच. शेजारच्या लेनमधले टेक्सासचे बूट घातलेले आडदांड लोकसुद्धा त्या वाक्याला सरावले होते आणि मान हलवून परवानगी देत. नेमाचं विचारू नका. एकदा त्यांची गोळी शेजाऱ्याच्या टार्गेटच्या बरोबर मध्यावर लागली आणि त्या भल्या माणसाने येऊन हात मिळवला. मामांना त्याचं सोयरसुतक नव्हतं. चाप ओढला, आवाज झाला, पुंगळी उडाली, पुढचं काडतूस आपोआप जागेवर आलं की ते माझ्याकडे वळत, डोळे मोठे केलेले. "चालली. बघितलंस? साठ वर्षांची आहे आणि चालली." मीही प्रत्येक वेळी पहिल्यांदाच बघितल्यासारखा खूश व्हायचो. त्यांच्या आनंदाला दाद न देणं कोणालाच जमत नसे.

दोन हजार पाचच्या पानगळीत मामांचे वडील आले. आम्ही सगळे त्यांना आप्पा म्हणायचो. ऐंशी उलटलेले, काटक, कमी बोलणारे. सरकारी काडतूस कारखान्यात त्यांनी तीस वर्षं तपासनीस म्हणून काढली होती. अंगठा आणि तर्जनीत काडतूस फिरवायचं, नखाने कड चाचपायची आणि 'पास' किंवा 'नापास' म्हणायचं, एवढंच काम. ते बोटांतून गेलं नव्हतं. दुकानात भेंड्या, घरात औषधाच्या गोळ्या, रिमोटचे सेल, सगळं ते बोटांत फिरवून पास-नापास करत. माझ्या हिने केलेल्या शंकरपाळ्यांतली चार नापास झाली तेव्हा ही दोन दिवस फुगून बसली होती.

या आप्पांनी आयुष्यात एकही काडतूस उडताना पाहिलं नव्हतं. चाचणीचं खातं भिंतीपलीकडे होतं, आणि तिकडे जायची त्यांना परवानगी नव्हती. ही गोष्ट मामांच्या मनात लहानपणापासून ठसठसत होती, हे मला तेव्हा कळलं. घरातली दोन्ही पिस्तुलं स्पेनचं स्वतःचं लांबडं काडतूस खाणारी. आप्पांच्या हाताखालून गेलेलं काडतूस नऊ मिलिमीटरचं, वेगळं, आखूड. ते चालवणारं तिसरं स्पॅनिश पिस्तूल मामांनी आप्पा यायच्या आधीच ऑर्डर केलं होतं, पण ते काही येईना. व्यापारी आज-उद्या करत राहिला. आप्पांचं परतीचं विमान डिसेंबरातल्या एका सोमवारी, आणि पिस्तूल आलं आधीच्या गुरुवारी. त्या गुरुवारी मामा कुरियरवाल्याला मिठी मारणार होते, पण सही करायची राहिली होती म्हणून तो वाचला.

शनिवारी सकाळी आम्ही निघालो. गवतावर पांढरा थर होता. आप्पांच्या अंगात दोन स्वेटर, वरून मामांचा कोट. मामींनी थर्मासात चहा आणि डब्यात तिखटमिठाच्या पुऱ्या दिल्या होत्या. गाडीत मामा सारखे मागे वळून डिकीकडे बघत होते. "आप्पा, आज तुम्ही बघालच," असं त्यांनी वाटेत सात-आठ वेळा तरी म्हटलं असेल. आप्पा खिडकीबाहेर बघत म्हणाले, "चाललं तर बघेन."

शेडमध्ये त्या थंडीत आम्ही तिघं आणि तो म्हातारा सुपरवायझर, एवढेच. मामांनी कानांचा सगळा बंदोबस्त केला, पिस्तूल भरलं, दोन्ही हातांनी धरलं. "आप्पा, मी आता मारतोय हं." चाप ओढला. टक्. बाकी काही नाही. नियमाप्रमाणे मामा पिस्तूल बांधाकडे रोखून तीस आकडे मोठ्याने मोजत उभे राहिले, मग ते काडतूस काढून दुसरं भरलं. टक्. पुन्हा तीस आकडे. तिसरं, पुन्हा टक्. सुपरवायझर जवळ येऊन म्हणाला, "बॅड अ‍ॅमो. हॅपन्स." काडतुसंच खराब, असं त्याचं म्हणणं.

आप्पा शेडच्या कोपऱ्यातून ताडकन पुढे आले. "नो सर," ते म्हणाले. "दाखव रे ते." हात पुढे झाला आणि मामा दचकून मागे सरले. "आप्पा, हात नका लावू. तुम्ही व्हिजिटर व्हिसावर आहात." मी मनात कपाळाला हात लावला. तीस वर्षं काडतुसं हाताळलेल्या माणसाला हे ऐकावं लागलं. पण आप्पा सरकारी नोकरीतून रिटायर झालेले होते, नियम म्हटल्यावर त्यांनी दोन्ही हात पाठीमागे बांधले. मामांनी न उडालेलं काडतूस तळहातावर धरलं आणि आप्पा वाकून, चष्मा कपाळावर सरकवून ते बघू लागले. "फिरव. अजून. बुडाकडून दाखव." मग ते ताठ झाले. "काडतूस पास आहे. बुडाच्या टोपीवर नुसता ओरखडा आहे. तुझी आतली टाचणी नीट ठोकत नाहीये, अडकतेय." त्यांनी हवेत नाक वर केलं. "काय लावलंस तिला?"

"खोबरेल," मामा म्हणाले, आणि म्हणताना त्यांचा चेहरा बदलत गेला. त्या पिस्तुलाच्या सगळ्या फटींत तेल पांढरंफटक थिजून बसलं होतं. लहानपणी हिवाळ्यात खोबरेलाची बाटली चुलीशेजारी ठेवणारे आम्ही तिघं, आणि तिघांच्याही हे डोक्यात आलं नव्हतं.

मामांनी पिस्तूल रिकामं केलं, सुपरवायझरला दाखवलं, काडतुसं त्याच्यापाशी ठेवली आणि आम्ही गाडीत जाऊन बसलो. हीटर पूर्ण चालू. डॅशबोर्डवर झरोक्यापुढे उघडं पिस्तूल, पुढे बापलेक, मागे मी आणि पुऱ्यांचा डबा. हळूहळू गाडीभर खोबरेलाचा वास पसरला, आमच्या प्रत्येकाच्या घरच्या न्हाणीघराचा. चहा ओतला. आणि कमी बोलणारे आप्पा त्या उबेत बोलायला लागले. कारखान्याच्या भोंग्याबद्दल, नापास काडतुसांच्या पेटीबद्दल, कंपाउंडलगतच्या क्वार्टरबद्दल. "भिंतीपलीकडे चाचणीचे बार सुरू झाले की हा माझ्या सदऱ्यात शिरायचा," मामांकडे बोट करून ते मला म्हणाले. "मी सांगायचो, घाबरू नकोस, ते माझंच आहे, पास झालेलं. तरी हा कानातली बोटं काढायचा नाही." मामा समोर बघत होते. त्यांच्या कानात कापूस तसाच होता, पण त्यांना सगळं ऐकू येत होतं. पंधराएक मिनिटांत तेल पातळ होऊन खालच्या पेपर नॅपकिनवर ओघळलं.

पुन्हा शेड. पुन्हा माकडटोपी. "आप्पा, मी आता मारतोय हं." आणि असा खणखणीत बार झाला की पाइनवरचे पक्षी उठले. मामांनी आठच्या आठ गोळ्या झाडल्या, एकही अडकली नाही, आणि मी चक्क टाळ्या वाजवल्या. म्हातारा सुपरवायझरही वाजवत होता. आप्पांनी मात्र टार्गेटकडे बघितलंच नाही. ते सिमेंटवर घरंगळत आलेल्या पुंगळीकडे बघत होते, हात अजून पाठीमागे बांधलेले.

"आता हात लावू का?"

"आता लावा," मामा म्हणाले. "रिकामी आहे. चालतं."

आप्पांनी ती उचलली, अंगठा आणि तर्जनीत फिरवली, नखाने कड चाचपली. मग म्हणाले, "तीस वर्षं गार काडतुसं हाताळली मी. हे ऊन लागतंय."

ती पुंगळी त्यांना पुण्याला न्यायची होती. विमानाच्या नियमांत बसत नाही म्हणून मामांनी नेऊ दिली नाही, आणि यावरून बापलेकांत रविवारभर वाद झाला. शेवटी आप्पांनीच ती मामांच्या टेबलावर ठेवली. "पुसू नकोस," एवढंच म्हणाले. पुढच्या उन्हाळ्यात ते गेले. मामांना तिकीट मिळून पोचायला दोन दिवस लागले, तोवर सगळं आटोपलं होतं.

त्यानंतरच्या जानेवारीत, कडाक्याच्या थंडीत, मामांचा फोन आला. रेंजवर जायचंय. मला नवल वाटलं, पण गेलो. सुपरवायझरने ख्रिसमसला बंदुकीच्या तेलाची बाटली त्यांना भेट दिली होती, ती मागच्या सीटवर सील न फोडता पडलेली होती. गाडी शेडसमोर उभी केली तरी मामा उतरेनात. त्यांनी पेटी उघडली, ते तिसरं पिस्तूल काढलं, रिकामं असल्याची खात्री केली आणि उघडं करून डॅशबोर्डवर झरोक्यापुढे ठेवलं. फटींत पांढरं तेल थिजलेलं होतं.

"मामा, पुन्हा खोबरेल? आता तर माहितीय."

"माहितीय म्हणूनच," ते म्हणाले. त्यांनी हीटर चालू केला आणि हात मांडीवर ठेवून बसले. "पंधराएक मिनिटं लागतात."

मी आप्पांच्या जागी बसलो होतो. गाडीत हळूहळू तोच वास पसरायला लागला. मामा समोर बघत होते. मी हात लांब करून हीटर थोडा कमी केला.