रुवैसच्या रस्त्यावरची मर्क्युरी

अनुपमा रेगे उंचीने अगदी बेताची. शारजातल्या त्यांच्या इमारतीचा वॉचमन म्हणायचा, "मॅडमची गाडी येताना आधी बॉनेट येतं, मग काच येते, आणि मॅडम दिसतात त्या दार उघडून खाली उतरल्यावरच." गाडीही तशीच होती. मर्क्युरी ग्रँड मार्क्विस, पांढरी, वळणावर अख्खा रस्ता मागणारी. पुढची सीट शाळेतल्या बाकासारखी सलग, तिघं आरामात बसतील अशी. गिअरचा दांडा स्टेअरिंगला लागून. पाठीशी एक उशी आणि खाली एक उशी घेऊन अनुपमा त्या बाकाच्या डाव्या टोकाला बसायची आणि आगबोट चालवावी तशी शांतपणे गाडी चालवायची.

ही गाडी तिने हौसेने घेतली नव्हती. सुरेशची नोकरी रुवैसच्या रिफायनरीत, तिची शारजाच्या एका क्लिनिकच्या लॅबमध्ये, आणि अवनीची शाळा शारजात. म्हणजे एका संसाराच्या दोन टोकांना जोडायला एकच लांब, सरळ रस्ता. आठवड्याच्या एकाआड एक सुट्टीला सुरेश यायचा, मधल्या सुट्टीला ती अवनीला घेऊन जायची. अबू धाबी मागे पडलं की दोन्ही बाजूंना खारट, पांढरी जमीन आणि शेजारून सुसाट जाणारे ट्रक. त्यांची पहिली गाडी छोटी होती. ट्रक गेला की ती वाऱ्याने हलायची, आणि मागे बसलेली अवनी स्वतःचं दप्तर घट्ट धरायची. एकदा सुरेशने ते पाहिलं. पुढच्याच महिन्यात तो ही मर्क्युरी घेऊन आला.

"ही हलणार नाही," तो म्हणाला.

"ही पार्क कुठे होणार?" अनुपमाने विचारलं.

गाडी घेऊन दोन वर्षंही झाली नव्हती, तोच बातमी आली की मर्क्युरी हे नावच कंपनीने बंद केलं. सुरेशला वाचनाची आवड. चहा पिता पिता त्याने सगळा इतिहास सांगितला. हेन्री फोर्डच्या मुलाने हा ब्रँड काढला, साध्या फोर्डपेक्षा वरचा आणि लिंकनपेक्षा खालचा. रोमन लोकांच्या निरोप्या देवाचं नाव त्याला दिलं. सत्तर वर्षं चालला. पुढे माणसांना मधलं काही नकोसं झालं. घ्यायचं तर एकदम स्वस्त नाहीतर एकदम भारी. २०११च्या जानेवारीत शेवटची मर्क्युरी कारखान्याबाहेर पडली, आणि ती ग्रँड मार्क्विसच होती.

"म्हणजे आपल्या गाडीची धाकटी बहीण शेवटची," अनुपमा म्हणाली.

"आणि आपल्याला आता स्पेअर पार्ट शोधत हिंडावं लागणार," सुरेश म्हणाला.

सुरुवातीला तसं काही झालं नाही. हळूहळू मात्र एकेक वस्तू मिळेनाशी झाली. शारजाच्या इंडस्ट्रियल एरियात जुन्या गाड्या मोडून त्यांचे भाग विकणारी यार्डं आहेत. सुट्टीच्या दिवशी लोक मॉलमध्ये जातात तसे हे दोघं तिथे जाऊ लागले. तिथेच तय्यबचं गॅरेज सापडलं. तय्यब पेशावरचा, तोंडाने फटकळ. सुरेश लांबून दिसला की ओरडायचा, "आ गए इंजीनियर साहब! आज किसकी हड्डी चाहिए?"

सुरेशला साठवायची सवय लागली. पलंगाखाली हेडलाइट, बाल्कनीत आरसा, माळ्यावर काचेची मोटर. अवनी पुढे कॅनडाला गेली. तिथल्या मैत्रिणी आईबापांसाठी चॉकलेट आणि परफ्यूम नेतात. ही मात्र कपड्यांत गुंडाळून रबरी पट्ट्या आणि सेन्सर आणायची. "मम्मा, कस्टम्सला काय सांगू मी? माय पेरेंट्स आर बिल्डिंग अ कार?" एकदा तिने मोठ्या कष्टाने हेडलाइट आणला. सुरेशने पलंगाखालचा बाहेर काढून शेजारी ठेवला. दोन्ही डाव्या बाजूचे निघाले. त्या दिवशी तय्यब इतका हसला की त्याला खाली बसावं लागलं. "साहब, अब गाड़ी भी दूसरी ले लो, दोनों का लेफ्ट हो जाएगा!"

यंदा सुरेश निवृत्त झाला. एप्रिलमध्ये दोघं कायमचे नाशिकला जाणार हे ठरलं. जाण्याआधी गाडी विकायची म्हणून मुलकियाच्या, म्हणजे गाडीच्या दरवर्षीच्या नोंदणीच्या, तपासणीला ती नेली, आणि तिथे गाडी नापास झाली. इंजिन उत्तम होतं. गिअरबॉक्सही उत्तम, आयुष्यभर सरळ रस्त्यावर चाललेला. पण खालची चौकट गंजली होती. रुवैसच्या त्या खारट जमिनीने इतकी वर्षं खालून गाडी खाल्ली होती, आणि वरून धुऊनपुसून ती चकचकीत ठेवणाऱ्या या दोघांना त्याचा पत्ताच नव्हता. तपासणाऱ्याने बॅटरीच्या उजेडात भोक दाखवलं. चौकटीला वेल्डिंग करून चालत नाही, हेही सांगितलं.

गाडी रस्त्यावरून उतरली. आता तिचं करायचं काय?

मर्क्युरीवाल्यांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप होता. सुरेशने तिथे कळवलं, आणि दोन माणसांनी फोन केला. पहिला निनाद समेळ. पस्तिशीतला, बँकेत मोठ्या हुद्द्यावर, बंद पडलेल्या अमेरिकन गाड्या जमवणारा. तो गाडी आहे तशी, अख्खी ठेवणार होता. दुसरा अबरार. मूळचा परभणीचा, शारजातल्याच रोल्ला भागात त्याचं शिंप्याचं दुकान. त्याच्याकडेही ग्रँड मार्क्विसच होती, पण गेल्या उन्हाळ्यात पाण्याचा पाइप फुटला, ते कळेपर्यंत इंजिन तापून जाम झालं, आणि गिअरबॉक्स तर आधीपासूनच कुरकुरत होता. त्याला इंजिन हवं होतं, गिअरबॉक्स हवा होता. म्हणजे गाडी मोडणार.

"निनादला देऊ," सुरेश म्हणाला. "निदान राहील तरी." मग थोड्या वेळाने म्हणाला, "पण गाडी तुझ्या नावावर आहे. तू ठरव."

अनुपमाच्या मनातही निनादच होता. एकटीने घर चालवायची, एकटीने रस्ता कापायची, रडणाऱ्या पोरीला मागे बसवून पुढे बघत राहायची हिंमत तिच्यात या गाडीत बसूनच आली होती. ती कुणी पान्याने सोडवणार, तुकडे करणार, हे तिला ऐकवत नव्हतं. तरी घाईने काही करायचं नाही, दोघांनाही भेटायचं असं तिने ठरवलं.

निनादचं घर दुबईबाहेरच्या एका व्हिलात. मागे मोठी शेड, तिथे एसी. एक पॉन्टियाक, एक ओल्ड्समोबिल, एक प्लिमथ. चाकांवर वजन पडू नये म्हणून सगळ्या लाकडी ठोकळ्यांवर चढवलेल्या, बॅटऱ्या काढलेल्या. मुलगा खरंच प्रेमळ होता. प्रत्येक गाडीचं वर्ष, रंगाचं मूळ नाव, कुठून आणली, सगळं तोंडपाठ. शुभ्रा, त्याची बायको, चहा घेऊन आली आणि म्हणाली, "काकू, घरात एसी बिघडला तर चार दिवस चालतं. इथला बिघडला तर माणूस लगेच येतो."

"तू हसतेस, पण ह्या परत होणार नाहीत," निनाद म्हणाला.

"मीही परत होणार नाहीये," शुभ्रा म्हणाली, आणि सगळेच हसले.

"चालवतोस का कधी?" अनुपमाने विचारलं.

"नाही हो काकू. चालवली की झिजते. फोटोत पाहिलं, तुमच्या गाडीच्या उजव्या दाराचा रंग थोडा वेगळा आहे ना? ते मी अगदी मूळ रंगाशी जुळवून घेईन. ओरिजिनल दिसेल."

परतताना टॅक्सीत सुरेश खूश होता. अनुपमा मात्र त्या उजव्या दाराचा विचार करत होती. ते त्यांच्या गाडीचं नव्हतंच. बऱ्याच वर्षांपूर्वी पार्किंगमध्ये कुणीतरी धडक दिली, तेव्हा यार्डातल्या एका मोडलेल्या मर्क्युरीचं दार काढून बसवलं होतं. दाराच्या आतल्या बाजूला खाली, लहान मुलाचा हात पोचेल तिथे, माशांची चित्रं चिकटवलेली होती. तय्यब ती खरवडून काढणार होता. तिनेच नको म्हटलं. त्या मुलाच्या आईने आपली गाडी देताना काय विचार केला असेल, हे मात्र तिने त्या दिवशी मनातही आणलं नव्हतं. दार मिळालं, रंग जवळजवळ जुळला, याचाच केवढा आनंद झाला होता! आरसा दुसऱ्या गाडीचा. काचेची मोटर तिसऱ्या. त्यांची मर्क्युरी इतकी वर्षं रस्त्यावर राहिली ती दुसऱ्यांच्या मोडलेल्या गाड्यांच्या जिवावर. तेव्हा त्यांतली एकही अख्खी राहावी असं तिला वाटलं नव्हतं.

हे तिने सुरेशला सांगितलं. तो म्हणाला, "आधी अबरारला भेट तर खरं."

अबरार तय्यबच्या गॅरेजवर भेटला. चाळिशीचा, नीटनेटका, खिशाला दोन सुया टोचलेल्या. उजवा पाय लहानपणापासून अधू. त्याच्या मर्क्युरीत परवानगी काढून ॲक्सिलरेटर डाव्या पायाला बसवलेला होता. पुढची सीट सलग असल्यामुळे तो उजवीकडच्या दाराने, फुटपाथकडूनच आत बसायचा आणि सरकत डावीकडे जायचा. रहदारीत उतरावं लागत नसे.

"दुसरी गाडी घेता येईल की," सुरेश म्हणाला.

"घेता येईल साहेब. पण दोन सीटच्या मधे ती पेटी असते, ती मला ओलांडता येत नाही. बायको उचलायला तयार आहे." तो हसला. "रुखसार म्हणते, मी कपड्याचे तागे उचलते, तू काय जड? पण मला स्वतः बसायला आवडतं."

अनुपमाने सरळ विचारलं, "माझ्या गाडीचं काय काय कराल?"

"खोटं कशाला बोलू, ताई? मोडणार. इंजिन, गिअरबॉक्स मी घेणार. बाकीचं जे चांगलं असेल ते तय्यबभाई ज्याला लागेल त्याला देतील. सांगाडा भंगारात."

"काही जपून ठेवाल?"

अबरार जरा गोंधळला. "जपून म्हणजे... वापरणारच ना ताई."

तय्यब गाडीखालूनच अनुपमाला ओरडून म्हणाला, "बाजी, इसको देना है तो दे दो, नहीं तो ये रोज़ आके मेरी चाय पीता है!"

"आपकी चाय?" अबरार म्हणाला. "चीनी तो मैं लाता हूँ!"

अनुपमाला हसू आलं. मग डोळे भरून आले, आणि ते लपवायला तिने पर्समध्ये चष्मा शोधायला सुरुवात केली, जो तिच्या डोळ्यांवरच होता.

"घेऊन जा," ती म्हणाली.

निनादला फोन तिनेच केला. तो हिरमुसला. "काकू, तुम्ही तिला मारताय," तो म्हणाला. तिला ते लागलं. पण खरं तर तो चूक आहे असंही तिला वाटलं नाही. कुणीतरी एक अख्खी जपायला हवीच. तिने एवढंच सांगितलं, की कुणी अशी गाडी देत असेल तर मी तुला नक्की कळवेन.

काम व्हायला दोन आठवडे लागले. त्या दिवसांत अनुपमा गॅरेजकडे फिरकली नाही. घरातलं सामान बांधताना पलंगाखालचे दोन्ही डावे हेडलाइट निघाले, तेही सुरेश तय्यबला देऊन आला. मग एका संध्याकाळी अबरारचा फोन आला. दोघं गेले.

अबरारची मर्क्युरी करड्या रंगाची. त्याने किल्ली फिरवली. अनुपमा कान देऊन उभी राहिली. या आवाजावर तिने कितीतरी तास काढले होते, तो ओळखू येईलच याची तिला खात्री होती. पण ओळखू आला नाही. सायलेन्सर वेगळा, पाइप वेगळे. आवाज थोडा जाड, थोडा खोल. तिने सुरेशकडे पाहिलं. त्यानेही मान हलवली. त्यालाही ओळखू आला नव्हता.

"ताई, चालवून बघा ना," अबरार म्हणाला. "तुमचंच इंजिन आहे."

ती बसली. उशी नव्हती, समोरचं नीट दिसत नव्हतं. डावा पाय ॲक्सिलरेटरवर ठेवून तिने हलकेच दाबला, आणि गाडीने अशी उसळी घेतली की तय्यब चहाचा ग्लास घेऊन भिंतीपाशी पळाला. "बाजी! गैरेज किराए का है!"

अनुपमा पोट धरून हसली. "अबरारभाई, हे तुमचंच काम. माझा पाय ह्याला लागू नाही." ती सरकून मधे आली. अबरार उजव्या दाराने आत शिरणार, तर ती वाटेत! मग ती उतरली, तो सरकत डावीकडे गेला, ती पुन्हा मधे बसली, सुरेश कडेला.

"कुठे सोडू?"

"तुम्ही रोल्लाला दुकानावरच जाताय ना? तिथेच उतरू आम्ही. थोडी खरेदी आहे."

रस्त्यावर नेहमीचा जाम होता. अबरारने सफाईने गाडी आत घातली. मागच्या बसने हॉर्न दिला तसा तो काच खाली करून म्हणाला, "सबर, हबीबी!" अनुपमाला वाटलं, आपण चालवताना कधी कुणाला उत्तर दिलं नाही, द्यायला हवं होतं.

रोल्लाला दोघं उतरले. अबरारने हात केला आणि गाडी पुढे निघाली, दोन टॅक्सींच्या मागे, एका पाण्याच्या टँकरच्या पुढे. सिग्नल लाल झाला.

"ब्रेक लाइट दोन्ही लागतायत," सुरेश म्हणाला.

"हो," अनुपमा म्हणाली, आणि सिग्नल हिरवा होईपर्यंत दोघं तिथेच उभे राहिले.