ओटी तुंगाची, मत चित्राला

कुवेंपुनगरात आमच्या शेजारी राहणारी जयलक्ष्मी लग्न होऊन कोल्हापूरकडून म्हैसुरात आली, तेव्हा तिला कन्नडचं एक अक्षर येत नव्हतं. सासरे मालोजीराव जुन्या म्हैसूर घोडदळातल्या शिलेदारांच्या घराण्यातले. पहिल्याच निवडणुकीला त्यांनी अंगणातल्या मातीत काडीनं पक्षाचं चिन्ह काढून सुनेला दाखवलं. "नावं वाचायच्या भानगडीत पडू नकोस, पोरी. हे चित्र बघायचं, शिक्का मारायचा, घरी यायचं." तेव्हा तिला ती मोठीच सोय वाटली होती.

पुढे ती कन्नड शिकली. अशी शिकली, की सकाळचा पेपर आधी तिच्या हातात जाई आणि तिचे यजमान दत्तोजीराव रिकाम्या हातानं कॉफी पीत बसत. चित्र मात्र तेच राहिलं.

समोरच्या घरातली तुंगा तिच्याहून बरीच लहान. एकदा मागच्या गल्लीतलं गटार तुंबून घाण थेट जयलक्ष्मीच्या स्वयंपाकघरापर्यंत आली. तुंगानं महापालिकेची माणसं बोलावून आणली आणि काम संपेपर्यंत गल्लीत स्टूल टाकून बसली. त्यांना चहा तिनं दिला, शिव्याही तिनंच.

ही तुंगा महापालिकेला उभी राहिली, पण दुसऱ्या पक्षाकडून. जयलक्ष्मीच्या घरच्या पक्षाचे उमेदवार भुजंगराव. ते राहायचे लांब, शहराच्या दुसऱ्या टोकाला हिनकलला. प्रचाराला आले तेव्हा तिनं त्यांना गटाराचं विचारलं.

"कुठलं गटार, अम्मा?" असं म्हणून हात जोडून ते पुढच्या दारी गेले.

"ऐकलंत?" ती यजमानांना म्हणाली.

"आपल्या घराण्यानं कधी घोडा बदललेला नाही, जया."

"घोडा असू द्या हो. वर कोण बसलंय ते तरी बघा."

दोन दिवसांनी तुंगा प्रचाराला आली. जयलक्ष्मीनं तिला पाटावर बसवलं, कुंकू लावलं, खणानारळानं ओटी भरली. "जिंकून ये," म्हणाली. तुंगा वाकून तिच्या पाया पडली. मी तिथंच होते. जयलक्ष्मी मनापासून बोलली होती, याबद्दल मला आजही शंका नाही.

मतदानाच्या संध्याकाळी ती माझ्याकडे आली. मी शाळेत शिकवायचे, म्हणून गल्लीत सगळे मला टीचरच म्हणत.

"टीचर, बोट आपोआप गेलं."

"कुठं?"

"चित्रावर. नावं वाचलीच नाहीत मी. मशीन वाजलं तेव्हा कळलं."

एका मतानं काय होतंय, असं मी म्हटलं. ते तिला लागलं असावं. "मग ओटी भरायला कुणी सांगितलं होतं मला?" म्हणाली आणि उठून गेली.

तुंगा थोडक्यात हरली.

पाठोपाठ गौरीचा सण आला. या दिवशी इकडे सवाष्णी एकमेकींना बागिन देतात. एकावर एक झाकलेली दोन सुपं, आत डाळ-तांदूळ, गूळ, बांगड्या, खण. देणारीही पदर धरते, घेणारीही. तुंगा पहिलं बागिन घेऊन जयलक्ष्मीच्या दारात आली. जयलक्ष्मीच्या बोटावरची शाई अजून गेली नव्हती.

"अक्का, हात सगळ्यांनी जोडले. ओटी भरली ती एकट्या तुम्ही. पहिलं तुम्हाला."

जयलक्ष्मीनं पदर पुढे केला नाही. "दुसरीला दे."

"सणाचं नाही म्हणू नये गं," दत्तोजीराव आतून म्हणाले.

"मी तुला मत दिलं नाही, तुंगा."

तुंगा हसायला गेली, पण हसू आलं नाही. "दत्तोजीरावांनी सांगितलं म्हणून?"

"कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. जुनं चित्र दिसलं आणि दाबलं."

तुंगानं सुपं पुन्हा पुढे केली. मग हळूच म्हणाली, "बागिन मतासाठी नसतं, अक्का. धरा पदर."

जयलक्ष्मीनं धरला. बागिन देऊन तुंगा निघून गेली. त्या दिवशी ती पाया पडली नाही, आणि कॉफीलाही थांबली नाही.

बोलणं बंद झालं नाही, येणंजाणंही थांबलं नाही. पण गटार पुन्हा तुंबलं, तेव्हा जयलक्ष्मीनं तुंगाला हाक मारली नाही. भुजंगरावांकडे कुणी फोन उचलत नव्हतं. मग गुडघे दुखत असताना ती स्वतःच स्टूल घेऊन गल्लीत जाऊन बसली. तुंगानं खिडकीतून पाहिलं आणि चहा पाठवला. तो तसाच निवून गेला. ती नुसती पेला हातात धरून बसली होती.

पुढच्या निवडणुकीला तुंगा उभी राहिली नाही. "एकदा पुरे, टीचर," मला म्हणाली. जयलक्ष्मीला ते ठाऊक होतं. तरी मतदान केंद्राबाहेर लावलेल्या उमेदवारांच्या यादीपुढं ती चष्मा लावून उभी राहिली आणि बोट ठेवून एकेक नाव वाचू लागली.

"जया, चल की. आपलं चित्र काय बदललंय का?" दत्तोजीराव म्हणाले.

"थांबा. कोण कोण आहे ते बघू द्या मला."

शेवटच्या नावापर्यंत ती पोचली, आणि बोट उचलून पुन्हा वरून वाचायला लागली.