दोनदा पाच मोजजो
अरे थांबा, हे आत्ताच्या आत्ता सांगाच लागते मले! शाळेच्या रस्त्यावरच्या सरकारी दवाखान्यातल्या नर्सबाई मले रोज दिसत, पण त्यायले असं कधी पाह्यलं नवतं.

आमच्या बारक्याले, माह्या लहान्या भावाले, हगवण लागलती. पाण्यानं पोट अजून जाते म्हणून आईनं दोन दिस पाणीच देलं नाई. डोळे खोल गेले, लघवी बंद झाली, रडू निघेच ना. तवा कुठं आज सकाळी आईनं अन् म्या त्याले दवाखान्यात नेलं.

बाई आईजवळ खालीच बसल्या. उकळलेल्या पाण्यात मीठ-साखर टाकली. त्या सगळंच दोनदा बोलत. "पाज माय, पाज. एक चमचा दे अन् दहा मोज, दहा मोज."

"मले पाचच येतात, बाई."

"मंग दोनदा पाच मोजजो! दोनदा पाच!"

सकाळपासून आई मोजून राह्यली. दुपारी बाईनं बारक्याले मांडीवर घेतलं, अन् त्यायचं पांढरंशुभ्र लुगडं ओलं झालं. आईले लय शरम आली. बाई मात्र तशाच ओल्या लुगड्यानं दवाखानाभर ओरडत सुटल्या, "मुतला हो! वाचलं पोरगं!" डॉक्टरसाहेब हासत बाहेर आले.

तुमच्या घरचं लेकरू मुतलं म्हणून कोणी परकं माणूस असं नाचलं काय कधी? सांगा बरं!