भिंतीपलीकडचा उजेड

काल संध्याकाळी ब्लाउज शिवायला टाकायचा म्हणून मी सोसायटीच्या भिंतीपलीकडे सुमनताईंकडे गेले होते. सातच्या सुमाराला त्यांच्या खोलीतला दिवा पिवळा पडला आणि शिलाई मशीन रखडायला लागलं.

"तुमच्या गाड्या आल्या वाटतं," त्या म्हणाल्या आणि हातशिलाईचं काम घेऊन बसल्या. रोज असंच होतं, हेही त्यांनीच सांगितलं.

आमची आणि त्यांची डीपी, म्हणजे वीज पुरवणारा ट्रान्सफॉर्मर, एकच, आणि त्यांचं घर तारेच्या शेवटी. आम्ही कामावरून येतो आणि सगळे एकदम विजेच्या गाड्या चार्जिंगला लावतो. खरं तर गाड्या सकाळपर्यंत नुसत्या उभ्याच असतात. रात्री उशिरा, तारेवरचा भार उतरल्यावर आपोआप चार्जिंग सुरू व्हावं, अशी वेळ लावून ठेवायची सोय गाड्यांमध्ये आहे. मी घरी येऊन माझ्या गाडीत ती लावली आणि शेजारच्या कुलकर्ण्यांनाही सांगितलं.

"बिल मी भरतो ना? त्यांनी स्टॅबिलायझर घ्यावा," ते म्हणाले.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. हवा स्वच्छ राहावी म्हणून विजेची गाडी घेतली, असं आम्ही चारचौघांत मिरवतो आणि एका बाईच्या हातचं काम रोज थांबवतो. दोन वर्षं मला याचा पत्ताही नव्हता, कारण माझ्या घरातला दिवा कधी मंद झालाच नाही.