ओटा कोणाच्या उंचीचा

आमच्या टॉवरमध्ये माझ्या दाराची बेल दोनच कारणांनी वाजते. एकतर पार्सलवाल्याचा मजला चुकलेला असतो, नाहीतर कोणाला तरी घराचं काम काढायचं असतं. लालबागची आमची चाळ पाडून हा टॉवर उभा राहिला. पहिल्या विंगच्या चाव्या आधी मिळाल्या आणि गवंडी, प्लंबर, सुतार या सगळ्यांशी भांडून सर्वांत आधी मोकळी झाले ती मी. त्यामुळे आता दुसऱ्या विंगच्या चाव्या वाटायला लागल्यापासून जो तो म्हणतो, काकींना विचारा. येतात, चपला काढतात, मोबाइलवर चार फोटो घेतात आणि निघतात. चहाला थांबत नाहीत, कारण त्यांचा मिस्त्री तिकडे खोळंबलेला असतो.

मी सांगते ते मात्र अनुभवाचं असतं. बाथरूमच्या लाद्या बसल्या की मिस्त्रीच्या बोलण्याकडे लक्ष देऊ नका, बादलीभर पाणी ओता आणि ते कुठे जातं ते बघा. जाळीकडे गेलं नाही तर तिथल्या तिथे लादी काढायला लावा; सिमेंट सुकल्यावर तो फोन उचलत नाही. पलंग कुठे येणार ते आधी ठरवा आणि मग भिंतीत प्लगचे पॉइंट काढा, नाहीतर जन्मभर पलंगामागे हात घालून चार्जर शोधत बसाल. माळा करा, पण हात पोचेल इतकाच. खिडकीला ग्रिल लावाल तेव्हा एक झडप उघडती ठेवा, कपडे वाळत घालायला आणि कधी आग लागलीच तर बाहेर पडायला. हे सगळं मी अगदी मन लावून सांगते. पंधरा मिनिटं घरात माणसाचा आवाज असतो.

स्वयंपाकघर मात्र मी शेवटी दाखवायचे, तेही घाईघाईने. कोणी आत यायच्या आधी मी पायाने एक लाकडी पाट ओट्याखाली सारून द्यायचे. नवरा जेवायला बसायचा तो पाट. आता मी त्याच्यावर उभी राहून स्वयंपाक करायचे, आणि ते कोणाला दिसू नये अशी माझी धडपड असायची.

ही पाटाची भानगड समजायला थोडं मागे जायला हवं. माझ्या सासूबाई गावी चुलीपुढे बसून रांधलेल्या. चाळीत गॅस आला तेव्हा त्यांनी विटांचा ओटा बांधून वर कडप्पा टाकून घेतला, आणि तो स्वतःच्या मापाचा. सासूबाई इतक्या ठेंगण्या होत्या की दुधाचा कॅन घेऊन निघाल्या की कॅनच चालतोय असं चाळीतली पोरं म्हणायची. मी काही ताडमाड नाही, जेमतेम पाच फूट, पण त्या ओट्याशी मलाही वाकावं लागायचं. एकदा हिय्या करून म्हटलं, "आई, एक वीट वाढवूया का?" त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही. "माका चालता, तुका काय झाला?" म्हणाल्या, आणि विषय संपला.

त्या गेल्यावर वाढवता आला असता. पण तोवर चाळ पाडणार, चाळ पाडणार अशी हूल उठली होती आणि पाडायच्या घरात कोण वीट लावतो? मग आणखी कितीतरी वर्षं मी तशीच वाकत राहिले. संध्याकाळी कामावरून आल्यावर भाकऱ्या थापून झाल्या की सरळ उभं राहायला मला दाराची चौकट धरावी लागायची. तेव्हाच मी ठरवलं होतं, माझ्यामागून या घरात येईल तिला मी वाकायला लावणार नाही.

चाळ पाडली तेव्हा आम्ही चौघं अँटॉप हिलला भाड्याच्या घरात गेलो: नवरा, मी, मुलगा आणि नवी सून. परत आलो ते तिघं. नवऱ्याने हे घर पाहिलं नाही. सून चांगली उंच आहे. लग्नात ती शेजारी उभी राहिली की फोटोग्राफर मला पुढे सरकवायचा. भाड्याच्या घरातला ओटा बुटका होता. भांडी घासता घासता ती मध्येच उभी राहायची, दोन्ही हात कमरेवर ठेवायची आणि पुन्हा वाकायची. तक्रार कधी केली नाही. मला मात्र ते बघवायचं नाही.

नव्या घरात बिल्डरने ओटा दिला होता, आणि खरं सांगायचं तर चांगला दिला होता. पण आमच्या लोकांना चावी मिळाली की नव्याकोऱ्या लाद्या फोडल्याशिवाय घर आपलं वाटत नाही. मजल्यामजल्यावर आधी हातोडे वाजले आणि नंतर सत्यनारायणाच्या घंटा. मीही तो ओटा फोडला. सुनेला भिंतीशी ताठ उभं केलं, कोपर दुमडायला लावलं, कोपराखाली चार बोटं सोडली आणि पेन्सिलने रेघ मारली. मिस्त्रीने टेप लावला. अडतीस इंच.

तो टेप हातात धरून माझ्याकडे बघत राहिला. "मावशी, रोज खाना कौन पकाएगा? उसका माप लो."

"उसकाच लिया," मी म्हटलं.

सून हसायला लागली. "आई, माझं काय, मी कुठेही करीन. तुमच्या मापाचा करा."

"गप गं. मी आता किती दिवस ओट्याशी उभी राहणार? आता तू कर, मी मस्त देवळात जाऊन बसते."

काय तो माझा तोरा! जिन्यात भेटेल तिला सांगत सुटले होते, ओटा सुनेच्या मापाचा केला म्हणून. बायका डोळे मोठे करायच्या. अशी सासू लालबागमध्ये दुसरी नाही असं एक जण म्हणाली, ते मी घरी येऊन दोनदा सांगितलं.

ग्रॅनाइटची नवी चमकही उतरली नव्हती आणि मुलाला बंगळूरची नोकरी लागली. "दोन वर्षांचाच प्रश्न आहे, आई," तो म्हणाला. सुनेलाही तिकडेच काम मिळालं. दोनाची किती झाली ते मी मोजत नाही. मला बोलावत नाहीत असं नाही, जाऊन आले. दोघं दिवसभर कामावर आणि मी खिडकीत. भाजीवाल्याशी हुज्जत घालायची तर तीही हाताच्या बोटांनी. मी परत आले. फोन मात्र रोज येतो, आणि ठेवताना सून न चुकता म्हणते, "येणारच आहोत की आम्ही तिकडे, आई."

त्या एका वाक्यावर मी पाटावर चढत होते. अडतीस इंचाच्या ओट्यावर गॅसची शेगडी, शेगडीवर पातेलं. दोन बोटं उंचीच्या पाटावर चढूनही पाच फुटाच्या बाईला आत काय शिजतंय ते दिसत नाही. भाजी तळाला लागली की वासावरून कळायचं. भाकरी थापताना खांदे कानाला टेकायचे. पूर्वी कंबर दुखायची, आता खांदे दुखायला लागले, एवढाच काय तो फरक. ओटा उतरवून घेणं काही अवघड नव्हतं. इतक्या जणांना मिस्त्री मीच मिळवून दिले. पण ओटा उंच होता तोवर ती यायची होती. तो खाली घेतला की ती येणार नाही, असं माझ्या मनाने धरलं होतं. वेडेपणा आहे, कबूल. पण माणूस एकटा राहिला की असले वेडेपणे कोणी हसून घालवायला नसतं.

मग एका दुपारी पाट सरकला. या नव्या लाद्या गुळगुळीत असतात, तुम्हीही लक्षात ठेवा, स्वयंपाकघरात खरखरीत लादीच बसवा. मी खाली, पातेलं खाली, आमटी सगळीकडे. भाजले नाही, मनगट तेवढं मुरगळलं. पातेल्याचा जो आवाज झाला, तो चाळीत झाला असता तर माझ्या आधी चार जणी दारात पोचल्या असत्या. "काय गो सांडलास?" म्हणून वर ओरडल्याही असत्या. इथे मी लादीवर बसून राहिले आणि ऐकत राहिले. लिफ्ट वर गेली, खाली आली. मजल्यावर सगळी दारं बंद, माझंही बंदच. मला रडू आलं, आणि ते मनगटासाठी नव्हतं. थोड्या वेळाने उठून मीच आमटी पुसली. संध्याकाळी फोनवर सगळं छान चाललंय म्हणून सांगितलं.

हात अजून बांधलेला होता तेव्हाच शेजारीण आली. म्हणजे चाळीतली शेजारीण. आमच्या दोन खोल्यांत एकच भिंत होती. इथे तिला दुसरी विंग मिळाली; चावी येईपर्यंत ती भाड्याच्या घरातच, म्हणून महिनोन् महिने भेट नाही, ओट्याचं कौतुक तेवढं मी फोनवर ऐकवलेलं. आता तिला चावी मिळाली होती. बसायच्या आधीच तिने सुरुवात केली.

"मी पण तुझ्यासारखोच ओटो करतंय. किती इंच गो तुझो? माझो झील उंच आसा, म्हणान सून पण उंचच आणूक व्हयी."

"मुलाचं लग्न ठरलं?"

"नाय गो. स्थळा बघतंव."

मला हसावं की रडावं कळेना. जी मुलगी अजून कोणी पाहिलीही नव्हती, तिच्या कोपराच्या मापाने ही बाई ओटा बांधायला निघाली होती, आणि हे शिक्षण तिला मीच दिलेलं. मी चिडले. कोणावर ते सांगता येणार नाही, पण तोंडसुख तिच्यावर घेतलं. "अक्कल गहाण ठेवलीस काय? रोज कोण उभं राहणार आहे तिथे? तुझ्या मुलाची बायको अमेरिकेला गेली तर तू काय शिडी लावून भाकऱ्या करणार?"

 मग तिने माझ्या बांधलेल्या मनगटाकडे बघितलं, वाकून ओट्याखाली बघितलं आणि एका हाताने पाट बाहेर ओढला. त्याच्यावर माझ्या तळव्यांचे दोन डाग स्पष्ट उठले होते.

"ह्याच्यावर चढतंस?"

 तिने मला भिंतीशी उभं केलं. माझं कोपर दुमडलं, खाली चार बोटं सोडली आणि फ्रिजवरची पेन्सिल घेऊन रेघ मारली. माझं माप आजवर कोणी घेतलं नव्हतं, ब्लाउजच्या शिंप्याशिवाय. ती रेघ ओट्याच्या काठाच्या पाच बोटं खाली आली. बिल्डरचा ओटा साधारण तिथेच होता. आम्ही दोघी त्यावर हसलो, आणि हसता हसता मी तिच्या खांद्यावर डोकं टेकलं. त्या दिवशी ती चहाला थांबली.

मिस्त्री पुढच्या सोमवारी आला. ग्रॅनाइटची फळी त्याने सांभाळून सोडवली आणि भिंतीला टेकवून ठेवली. खालच्या भिंती छाटायच्या तेवढ्या राहिल्या. तो छिन्नी लावणार तेवढ्यात मी त्याला थांबवलं आणि सुनेला व्हिडिओ कॉल लावला. ती ऑफिसात होती, तरी उचलला.

"काय झालं, आई? बऱ्या आहात ना?"

"बरी आहे. हे बघ," मी फोन ओट्याकडे फिरवला. "म्हटलं, जरा खाली घ्यावा. मला उंच पडतो."

ती बघत होती. मागे तिच्या ऑफिसातलं कोणीतरी बोलत होतं. तिचा चेहरा जरासा उतरला, मग तिने केस मागे सारले.

"बरं करताय, आई," ती म्हणाली. "खरं तर आधीच करायला हवं होतं."

"मग तू आलीस की तुला वाकावं लागेल."

"तेवढे दिवस चालतं की मला."

तेवढे दिवस. ती हे फार मायेने म्हणाली. फोन ठेवताना तिचं रोजचं वाक्य आलं नाही, आणि मीही वाट बघितली नाही. मिस्त्रीला म्हटलं, "मार."

आता ओटा माझ्या मापाचा आहे. पातेल्याचा तळ दिसतो, खांदे दुखत नाहीत, पाट धुऊन पुसून माळ्यावर ठेवलाय. माझ्या रेघेच्या वर सुनेची जुनी रेघ आहे, ती मी रंगवू दिली नाही. सल्ला विचारायला येतात त्यांना मी आता आधी स्वयंपाकघरात नेते आणि सांगते, या घरात रोज एकटं कोण उभं राहणार आहे ते बघा आणि त्याचं कोपर मोजा.

पण एक गोष्ट त्यांना सांगत नाही. त्या सोमवारी सुनेने नुसतं "थांबा, आई" म्हटलं असतं, तर मी मिस्त्रीकडून ती फळी पुन्हा अडतीस इंचांवर बसवून घेतली असती आणि पाटावर चढून त्याला चहा केला असता.