रिकाम्या जागेवरचं स्वस्तिक

एप्रिल १९८२, शनिवार दुपार. ठिकाण: नालवाडीतलं आमचं घर. हजर: आई, दादा आणि मी. गैरहजर: धाकटी बहीण, जिच्यासाठी हे सगळं चाललं होतं. ती केनियात होती. दिवस भरत आले होते, आणि पहिलंच बाळंतपण जड जाणार असं तिथल्या डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं.

आई संध्याकाळच्या गाडीने मुंबईला निघायची होती. विमानतळापर्यंत दादा सोबत जाणार, तिथून पुढे ती एकटी. तोवर तिचा सगळ्यात लांबचा प्रवास म्हणजे नाशिक, तोही माणसांनी भरलेल्या डब्यात.

सामानाची यादी माझी होती आणि ती जवळजवळ संपली होती. डिंक, मेथीचे लाडू, सुंठ, झबली, टोपडी, सगळ्यांपुढे खुणा झाल्या होत्या. मला घोर होता तो शिलिंगांचा. तिकडचे पैसे इकडे मिळत नाहीत. नागपूरच्या बँकेने नियमात बसतील तेवढे डॉलर दिले होते आणि पासपोर्टावर तशी नोंद केली होती, म्हणजे पुन्हा मागायची सोय नाही. त्यात थोड्या नोटा आणि बाकी ट्रॅव्हलर्स चेक. नैरोबीला उतरल्यावर बँकेच्या खिडकीवर ते देऊन शिलिंग घ्यायचे. जावयांनी पत्रात स्पष्ट लिहिलं होतं: मी न्यायला येणारच, पण कळा सुरू झाल्या तर हिला एकटी टाकून निघता येणार नाही. मग आईंनी टॅक्सीने स्टेशन गाठावं आणि आमच्याकडे येणाऱ्या रात्रीच्या गाडीत बसावं. टॅक्सीवाला चेक घेत नाही. हातात शिलिंग नसतील तर आई विमानतळावरच बसून राहणार, हे मला लख्ख दिसत होतं.

या चेकांवर दोन सह्या लागतात. पहिली आईने नागपूरला बँकेतल्या साहेबांसमोर केली होती. दुसऱ्या सहीची रेघ कोरी ठेवायची, तिकडच्या माणसासमोर भरायची, आणि ती पहिलीशी जुळली पाहिजे. आईची शाळा चौथीपर्यंत. आठवडाभर मी तिच्याकडून वर्तमानपत्राच्या कडेला सह्या गिरवून घेतल्या होत्या. अक्षर बसलं होतं.

चहा झाल्यावर मी चेकांचं पाकीट मागितलं.

"देवापाशी हाये," आई म्हणाली.

आमच्या वडिलांची सिंदीला कापसाची अडत होती. नवी वही असो की हंगामातली पहिली नोट, आधी देवापुढे जायची, कुंकू लागायचं आणि मगच व्यवहारात यायची. वडील गेले, अडत गेली, रीत राहिली. हे मला माहीत होतं. डॉलरही त्या रीतीत बसतील हे डोक्यात आलं नाही.

पाकीट उघडलं. एकेका चेकवर ओल्या कुंकवाचं सुबक स्वस्तिक, अनामिकेने काढलेलं. बरोबर दुसऱ्या सहीच्या रेघेवर.

"माय, हे काऊन केलं?"

"काऊन म्हंजे? नवा पैसा घरात आला. देवाले न दाखवता परदेशी न्याचा काय?"

"पन सहीच्याच जागी?"

"तेवढीच जागा रिकामी होती. बाकी सारं छापेल. म्या म्हटलं, देवासाठीच सोडली असन."

दादा खो खो हसला. मग त्याने माझं तोंड पाहिलं आणि आपल्या मुलांच्या दप्तरातून खोडरबर घेऊन आला. मी तो हिसकावला. असल्या कागदाला घासल्याची खूण लपत नाही, मग चेक कुणी हातातही घेणार नाही. बँक शनिवारी दुपारीच बंद होते. विमान रविवारी रात्री. तिकीट पुढे ढकलायचं तर बाळ थांबणार नव्हतं.

मी पंखा बंद केला. चेक पाटावर मांडले, वाळू दिले आणि पावडरच्या मऊ पफने कोरडं कुंकू टिपत गेले. भुकटी निघाली, गुलाबी डाग राहिला. एका चेकवर पाणी जास्त झालं होतं; तिथे लाल रंग आरपार उतरला होता. आईला सांगितलं, सही डागावरूनच कर, काही विचारलं तर पासपोर्ट पुढे कर. माझा माझ्या सांगण्यावर विश्वास नव्हता.

मग ती म्हणाली, "नोटा कुठी हायेत? त्याईले लावाचं राह्यलं."

नोटा माझ्या पर्समध्ये होत्या. सगळा पैसा एका जागी ठेवायचा नाही हा माझा नियम, म्हणून तिच्या पोलक्याला आतून खिसा शिवून त्यात त्या ठेवायच्या होत्या.

"देत नाई."

"बिनपूजेचे पैसे घेऊन जाऊ काय मी?"

"जाय."

आईशी मी असं कधी बोलले नव्हते. दादा उठून बाहेर गेला. मी खिसा शिवला, नोटा घातल्या, तोंडही टाके घालून बंद केलं. तिने पोलकं घातलं आणि पाठ फिरवून बसली. स्टेशनपर्यंत अबोला. गाडी हलली तेव्हा खिडकीतून म्हणाली, "लाडवाच्या डब्याले दोरी बांधली ना?"

बांधली होती.

पुढचे दिवस मी शाळेच्या ऑफिसात पगारपत्रकं करत होते आणि दोनदा बेरीज चुकले. पोस्टमन दिसला की उठत होते. दादा मुंबईहून परत आला. त्याने आईला आत जाताना पाहिलं होतं, त्यापलीकडे त्यालाही काही ठाऊक नव्हतं. मग तार आली: मुलगी झाली, दोघी सुखरूप, आई वेळेत पोचल्या.

कशा पोचल्या ते तीन महिन्यांनी आई परतल्यावर कळलं, मेथी निवडता निवडता.

"जावाई आलेच नव्हते. खिडकीत माह्याच वयाची बाई होती. तिनं चेक पाह्यला, बोट घासलं, बोटाचा वास घेतला अन् साहेबाले बोलावलं. साहेबानं नाई म्हनून मान हालवली. मांगं लाईन लागून राह्यली होती."

"मंग?"

"मंग काय! तिचीच कैची मांगतली हातवारे करून, अन् तिथंच तुह्यी शिवन उसवली. साहेब बिचारा भिंतीकडं तोंड करून उभा राह्यला. नोटा देल्ल्या, शिलिंग घेतले. टॅक्सी झाली, तिकीट झालं. सकाळी पोचली, दुपारी पोरगी झाली. हात माह्याच हातात होता तिचा."

"म्हंजे बिनपूजेचेच कामी आले," दादा म्हणाला.

"पैसे पोलक्यातले. पोचवलं कोनं?"

दादा मेथीची जुडी सोडू लागला.

डागाळलेले चेक जावयांच्या ओळखीच्या बँकेने खूप पत्रव्यवहार करून वटवले. रंग आरपार गेलेला तेवढा वटला नाही. तो परत आला आणि आईने देव्हाऱ्यात ठेवला. नागपूरच्या बँकेत अर्ज केला तर त्याची रक्कम परत मिळते. मी चौकशी केली, अर्ज आणला, भरला, जिथे आईची सही हवी तिथे पेन्सिलीने फुली मारली.

"देवाले वाहेलं परत मांगतेत काय?" असं म्हणून ती उठून गेली.

त्यानंतर मी दर जानेवारीला जुन्या यादीतली उरलेली कामं नव्या वहीत उतरवते. बहुतेक दिवाळीपर्यंत निघून जातात. हे एक दरवर्षी पुन्हा लिहावं लागतं: चेकचा परतावा, नागपूर. अर्ज तयार. आईची सही बाकी.