अंगणात उतरलेले लॉर्ड

विलायतेच्या एका लॉर्डावर आमची कोंबडी हागली तेव्हा मी तिथेच उभा होतो. हाकलता आली असती. हाकलली नाही, कारण त्या घटकेला तो लॉर्ड माझ्या मनातून उतरला होता.

माझं शिक्षण मराठी चौथी. पुढे जन्मभर खाणीवर ट्रक चालवला. त्यामुळे सरळ ओळ मला लिहिता येते, पण वळण आलं की पाय आपोआप ब्रेक शोधतो. हे लिहायला बसवलं सुनेनं. सुमती, म्हणजे माझी बायको, गेल्या वर्षी दिवाळीआधी गेली. तेव्हापासून मी स्वयंपाकघरात जाऊन भांड्यांशी बोलतो असं सुनेचं म्हणणं. (बोलतो. भांडी उलट उत्तर देत नाहीत एवढंच. सुमती द्यायची. मजा त्यातच होती.)

तर गोष्ट तेव्हाची, जेव्हा गोवा नुकताच राज्य झाला होता. भाषेचं भांडण अजून लोकांच्या तोंडात गरम होतं. मी मराठीवाला. साखळीच्या बाजारात मराठीसाठी तावातावाने भांडायचो, कोकणीतून! आमचा एकुलता एक वासू तुयेच्या कारखान्यात फिटर होता, तिथेच खोली घेऊन राहायचा. एका रविवारी तो घरी आला आणि मागून एक गोरी चेडू आली. माडाएवढी उंच, उन्हाने तोंड टोमॅटोसारखं झालेलं, पायांतल्या चपला दोरीने बांधलेल्या. हरमलला खोली घेऊन चित्रं काढते म्हणाला. नाव हॅरिएट. सुमतीने चहा गाळेपर्यंत तिची हरीबाय करून टाकली.

"बाबा, हिच्याशी लगीन करतां," वासू म्हणाला.

"आनी हांव ना म्हणलों तर?"

"तर हिच्याबरोबर विलायतेक वतां. हो म्हणलात तर दोगांय हंयच रावतांव."

सुमतीने मला मागल्या दारी ओढलं. "आयकलें? पोर गेलो तर रोज उठून तुमचें एकट्याचें तोंड पळोवन हांव दीस काडूंक शकना. आताच सांगून दवरतां."

आता आली पंचाईत! हो म्हणावं तर गावात तोंड दाखवायचं कसं, नाही म्हणावं तर घरात. मी डोकं चालवलं. (तिथेच चुकलं. मी ट्रक चालवायला हवा होता.) आमच्यात सोयरीक म्हटली की आधी कूळ बघतात. मूळपुरुष कोण, कुलदैवत कुठलं, बापाचा बाप कोण. ह्या फिरंग्यांना आज्याचंसुद्धा नाव ठाऊक नसतं, असं मला शेजारच्या बाबुसोने सांगितलं होतं. बाबुसो आयुष्यात बेळगावच्या पलीकडे गेला नव्हता, हे मी विसरलो! म्हटलं, आपण नाही म्हणायचंच नाही. तिचं कूळच नाही म्हणेल.

बाबुसोला बोलावलं, देवळातल्या दामूभटाला बोलावलं, आणि दोघांच्या देखत जाहीर केलं, "जिका आपलें कूळ सांगूंक येता, ती माझी सून. येना, तर ना."

"शब्द?" सुमती दारातून.

"शब्द!"

वासूने ते तिला इंग्लिशीत सांगितलं. चेडवाचा चेहरा खुलला. तिने काहीतरी विचारलं. वासू म्हणाला, "बाबा, ती विचारता, खंयसून सुरू करूं? पंदरा पिढयो पुरे?"

दामूभटाचा चहा नाकातून आला.

एवढ्या पिढ्यांना पुरेल असा कागद आमच्या घरात नव्हता. सुमतीने रांगोळीचा डबा आणून हरीबायच्या हातात दिला. तुळशीच्या लग्नासाठी अंगण शेणाने नुकतंच सारवलेलं होतं. चित्र काढणारी ती! तुळशीवृंदावनापाशी बसली, आणि मूळपुरुषापासून सुरुवात केली. तो कोणा राजाच्या लढाईत होता, राजाने खूश होऊन त्याला गाव दिला. वासू एकेक समजावून सांगत होता.

"म्हणजे गांवकारच तो," बाबुसो म्हणाला.

नवराबायकोच्या नावांमध्ये ती दोन बारीक आडव्या रेघा मारायची. त्या म्हणजे लग्न. खाली उतरती रेघ म्हणजे पोरं. थोरला मुलगा लॉर्ड, घर त्याचं, जमीन त्याची, मान त्याचा. दुसरा मिलिटरीत. तिसरा पाद्री.

"आमच्यात दुसरो कोर्टांत आनी तिसरो मुंबयत," मी म्हणालो.

एका लॉर्डाची राजाने मान कापली होती. बाबुसो हळहळला, पण मला बरं वाटलं. राजा काय कोणाचीही मान कापतो? एका ठिकाणी तिने सरळ रेघ न ओढता नुसते ठिपके टाकले. वासू घुटमळला. मग म्हणाला, "हो राजाचोच पूत. पण राणयेचो न्हय." दामूभट खोकला आणि ठिपक्यांवरून नजर काढून माडाकडे बघू लागला.

दुपारपर्यंत लॉर्ड गोठ्यापाशी पोचले. आणि इकडे माझ्या डोक्यात भलतंच सुरू झालं. लॉर्डाचा व्याही! साखळीच्या बसस्टँडवर लोक उठून जागा देतील! मी कदेल आणून अंगणाच्या कडेला मांडलं, त्यावर बसलो, आणि कूळ पाडायला बसलेला मी कुळाची राखण करू लागलो. "ए बाबुसो, पाय सांबाळ! पांचव्या लॉर्डाच्या पोटार उबो रावलो तूं!" बाबुसो दचकून उडाला तो एका जनरलाच्या डोक्यावर पडला. येणाऱ्याजाणाऱ्याला मी हाक मारून दाखवत होतो. "हे सगळे आमचेच!"

शेवटी तिचा बाप आला. त्याच्या खाली एकटी ती. मी वाट बघत होतो, आता लॉर्डपद तिच्याकडे येईल. तर तिने बापाच्या नावापासून मागे मागे जाऊन दुसरीच एक रेघ धरली. ती ओढत ओढत गेली, थेट विहिरीपर्यंत. तिथे एक नाव लिहिलं.

"हो कोण?" सुमतीने विचारलं.

"हो ऑस्ट्रेलियांत मेंढरां पोसता," वासू म्हणाला. "हिच्या बापायच्या चुलत्याच्या चुलत्याचो कोण तरी. हिका भाव ना. बापूस गेलो तशें लॉर्डपण ताका गेलें. घरय ताकाच. हिची आवय आता बागेंतल्या माळयाच्या खोलीत रावता."

सुमती मोरीपाशी उभी होती, ती तशीच पुढे आली. "आनी ह्या चेडवाक?"

"कांय ना."

"कांयच ना? आगे माय! हंय पोर्तुगेजानूय चेडवांक वांटो दिल्लो! आनी हे लॉर्ड म्हणे!" तिने आत जाऊन पोदेराकडचा सकाळचा पाव आणला, त्यावर घरचं लोणी फासलं, आणि हरीबायच्या रांगोळीने भरलेल्या हाताला लावू न देता स्वतः तिच्या तोंडात घातला. त्या क्षणाला सुमतीच्या बाजूने लग्न लागलं होतं. मी अजून कदेलावरच होतो.

आणि त्याच वेळी माझी नजर आठव्या लॉर्डावर गेली. रेघांचा हिशोब जुळेना. एका बापाचे दोन पुत्र. थोरल्याला नुसती मुलगी. धाकट्याला मुलगा. आणि त्या मुलीच्या आणि त्या मुलाच्या मध्ये त्या दोन बारीक आडव्या रेघा!

"वासू! हें कितें?"

"लगीन, बाबा. घर भायल्याक वचूंक नाका म्हणून घरांतल्या घरांत."

"चुलतो भाव आनी चुलती भयण?" मी उठून उभा राहिलो, कदेल मागे पडलं. "एकाच आज्याची नातरां! भटजी, पळयात!"

दामूभटाने वाकून पाहिलं आणि दोन्ही कान पकडले. "शिव शिव शिव! सख्खो चुलतो!" बाबुसो म्हणाला, "म्हणूनच मान कापली जाल्यार." (मान कापलेला लॉर्ड चार पिढ्या आधीचा होता. पण तापलेल्या वेळी कोण बघतो?) ह्याच गडबडीत ती कोंबडी आली, आणि आठव्या लॉर्डावर तिने आपलं मत दिलं. मी तिला अडवलं नाही.

"जमचें ना!" मी ओरडलो. "असल्या कुळाची सून आमच्या घरांत जमचीच ना! शब्द म्हणजे शब्द!"

वासू घरात गेला आणि हातात पिशवी घेऊन बाहेर आला. "चल गे," तो तिला म्हणाला. मी सुमतीकडे बघितलं. ती माझ्याकडे बघतच नव्हती. हरीबायकडे बघत होती.

हरीबाय उठली नाही. तिने रांगोळीचा डबा उचलला, माझ्यापुढे धरला आणि शिकवल्यासारख्या कोकणीत म्हणाली, "आतां तुमचें."

"माझें कितें?"

"कूळ," सुमती म्हणाली. "काडा. फुडें बसून काडा. का चवथीपर्यंत शिकोवंक ना?"

सगळे बघत होते. मी बसलो. माझी रांगोळी म्हणजे चिखलातून ट्रक गेल्यासारखी! पणजो काढला. आजो काढला. बापूस काढला. बापसाशेजारी आवय. (पणज्याच्या वरचा मला ठाऊक नव्हता. मी एक नाव ठोकून देणार होतो, पण दामूभट दर वर्षी आमचं श्राद्ध करतो, त्याने नुसती भुवई उचलली.) मग बापूस आणि आवय यांच्या खाली मी. आत्माराम. छान ऐसपैस लिहिलं.

"आनी हांव?" सुमती म्हणाली. आणि तिने माझ्या हातातून रांगोळी घेतली. माझ्या आईच्या शेजारी तिचा भाऊ लिहिला, म्हणजे माझा मामा. मामाच्या खाली त्याची मुलगी. सुमती. मग शांतपणे माझ्या नावाच्या आणि तिच्या नावाच्या मध्ये दोन बारीक आडव्या रेघा मारल्या.

बाबुसोने मान वाकडी करून बघितलं. कोंबडीनेसुद्धा!

हरीबायने एक बोट आठव्या लॉर्डाच्या रेघांवर ठेवलं. (नेमक्या जागेवर नाही, थोडं बाजूला, कोंबडीमुळे.) मग दुसरं बोट माझ्या रेघांवर ठेवलं. आणि माझ्याकडे बघितलं. बोलला बाबुसो.

"आत्मारामा, मरे, तुजेंय जुळलां!"

"जुळूंक कितें जालें? ती माझ्या मामाची चेडू! हक्काची!"

"तीय ताच्या काकाची चेडू," सुमती म्हणाली. "हक्काचीच."

"आमच्यात चलता तें!"

"तांच्यात तें चलता."

"पण तीं दोगांय एकाच आज्याचीं नातरां!"

"आनी तुमी खंयच्या आज्याचे? माझो आजो तो तुमच्या आवयचो बापूस न्हय?"

मी दामूभटाकडे वळलो. "भटजी, तुमी बोला! शास्त्र सांगा!"

दामूभटाला एकदम आठवलं की देवळात सांजवात लावायची राहिली आहे. ऊन अजून डोक्यावर होतं! धोतर सावरत, तीन लॉर्ड तुडवत तो गेला. (त्याची बायकोही त्याच्या मामाचीच. अख्ख्या गावाला ठाऊक होतं. मलाच कसं आठवलं नाही?) बाबुसो पोट धरून ओट्यावर बसला होता. तो संध्याकाळपर्यंत उठला नाही, आणि साखळीच्या बाजारात ही गोष्ट माझ्याआधी पोचली.

"आतां उठा," सुमती म्हणाली, "आनी पोराच्या हातातली पिशवी घेवन भितर दवरा."

मी उठलो. पिशवी घेतली. घेतली ती सपकन वरच आली. आत काहीच नव्हतं, नुसती रिकामी पिशवी! मी वासूकडे बघितलं. वासूने आईकडे बघितलं. आणि सुमती पदर तोंडाला लावून आत पळाली. तेव्हा कळलं, पिशवीची ही युक्ती कोणाची होती ते. वाघासारखा गुरगुरलेला माणूस मी, पण सगळा सामना आधीच ठरलेला होता.

लग्न झालं. वासू इथेच राहिला. हरीबाय आता माझ्यापेक्षा चांगली कोकणी बोलते आणि सुमतीपेक्षा चांगलं भांडते, सुमतीनेच शिकवलं. घराच्या कागदांवर वासूबरोबर तिचंही नाव घालायचं हे सुमतीने जिवंतपणीच करून घेतलं होतं. "आमी लॉर्ड न्हय," असं म्हणाली होती, "आमी बरे."

वर्षभर आमच्या अंगणात रांगोळी नव्हती. दुखवट्याचं वर्ष. परवा सुमतीचं वर्षश्राद्ध झालं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी हरीबायने अंगण सारवलं आणि डबा काढला. म्हातारी झालीय, गुडघे दुखतात, तरी बसून पूर्ण कूळ काढलं. विलायतेचे सगळे, आणि आमचे चार. ह्या वेळी दोन्हीकडच्या रेघा तिच्या आणि वासूच्या नावापाशी जुळवल्या. सुमतीच्या नावाखाली गेल्याचं साल घातलं. माझ्या नावाखाली नुसती एक आडवी रेघ, पुढे सालाची जागा मोकळी. त्यांच्याकडे तशीच रीत आहे म्हणे. मी म्हटलं, "घाई करूं नाका." ती म्हणाली, "कोणाक घाई आसा?"

सगळे जेवायला आत गेले. मी काठी घेऊन कदेलावर बसलो. बाबुसो कुंपणाजवळून चालला होता, त्यालाही आता नीट दिसत नाही. "आत्मारामा, जेवपाच्या वेळार भायर बसून कितें करता रे?"

"लॉर्ड आसां मरे. खानदान सांबाळतां."

तो हसत गेला. तेवढ्यात कोंबडी आली. (ती नव्हे. तिची कोणी पणती असेल. तिचंही कूळ आमच्याच अंगणातलं.) आठव्या लॉर्डाला तिने वळसा घातला आणि सरळ सुमतीच्या नावाकडे निघाली. ह्या खेपेला मी उठलो, काठी आपटली, गोठ्यापर्यंत तिला पिटाळलं आणि धापा टाकत पुन्हा येऊन बसलो. विलायतेच्या लॉर्डांकडे असल्या कामाला नोकर असतात म्हणे. आमच्याकडे त्यासाठी लॉर्डच ठेवलाय.